टूडी इको: गार जेल, अंधारी खोली आणि रिक्षात वाचलेला रिपोर्ट

मागच्या महिन्यात बीपीबद्दल लिहिताना एक ओळ सहज टाकली होती, की बीपी बरीच वर्षं असेल तर डॉक्टरांना विचारून एकदा टूडी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, करून घ्या. त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आलेत की बीपी बाजूलाच राहिलं. मी स्वतः रोज इको करते, म्हणजे प्रोब (छातीवर टेकवून फिरवायचा तो मशीनचा भाग) माझ्या हातात असतो आणि पलंगावर तुम्ही असता, त्यामुळे यावेळी जरा माझ्या बाजूनेपण सांगते. प्रश्न थोडे कापलेत, रागावू नका.

प्रश्न (नाशिक, वय ४६): मॅडम, मला धाप लागते म्हणून फिजिशियननी टूडी इको लिहून दिलाय. पुढच्या मंगळवारी आहे. खरं सांगते, मला आजारापेक्षा याचंच टेन्शन आलंय की कपडे काढावे लागतात का, करणारा पुरुष असेल तर काय, मंगळसूत्र काढायचं का. उपाशीपोटी जायचं का तेपण कोणी सांगितलं नाही. दुखतं का?

ताई, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण निम्म्या बायका हे विचारत नाहीत आणि मग पलंगावर इतक्या आखडून पडतात की मलाच घाम फुटतो.

उपाशी राहायचं नाही. नेहमीसारखा नाश्ता करा, बीपीच्या शुगरच्या गोळ्या नेहमीच्या वेळेला घ्या. (उपाशी राहायचं असतं ते ट्रेडमिलवर किंवा इंजेक्शन देऊन करतात त्या स्ट्रेस इकोला आणि घशातून करतात त्या इकोला, त्याचा प्रश्न शेवटी आहे.) कपड्यांचं म्हणाल तर कमरेच्या वरचे कपडे सैल करावे लागतात, ब्लाउज-ब्रा काढायला लागतेच, कारण प्रोब डाव्या स्तनाच्या खाली आणि छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला टेकवावा लागतो, कपड्यावरून चित्र येत नाही. पण पुढून उघडणारा गाऊन देतात, नाही दिला तर मागा, आणि वरून चादर असतेच, जेवढी जागा लागते तेवढीच उघडी ठेवायची असते. वनपीस घालून येऊ नका म्हणजे झालं, सलवार-कुर्ता किंवा साडी सगळ्यात सोपी. नऊवारीवाल्या आज्यासुद्धा येतात माझ्याकडे, काही अडत नाही. मंगळसूत्र काढायची गरज नाही, नुसतं खांद्यामागे सरकवायचं, हे एमआरआय नाहीये, धातूने काही होत नाही. फक्त जेल लागू नये म्हणून म्हणते, पोवळ्यांच्या दोऱ्याला लागलं की चिकट होतं.

करणारा पुरुष असेल तर खोलीत बाई मदतनीस हवी असं सरळ सांगायचं, तो तुमचा हक्क आहे, यात लाजायचं काही नाही. बऱ्याच ठिकाणी लेडी डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते अपॉइंटमेंट घेताना फोनवर विचारलं तर सांगतात.

आता आत काय होतं ते सांगते. खोली अंधारी असते कारण स्क्रीनवरचं करडं चित्र उजेडात दिसत नाही, आणि एसी मशीनसाठी असतो, त्यामुळे गार वाटतं, ओढणी किंवा शाल सोबत ठेवा. छातीवर तीन स्टिकर लावतात ते ईसीजीचे, ठोक्याची वेळ कळावी म्हणून. मग डाव्या कुशीवर वळायला सांगतात, डावा हात डोक्याखाली. त्या कुशीवर हार्ट छातीच्या भिंतीजवळ सरकतं आणि हात वर घेतला की फासळ्यांमधल्या फटी जरा उघडतात, आम्हाला त्या फटींतूनच बघायचं असतं. जेल गार लागतं, पहिल्यांदा दचकायला होतंच, पण ते नसेल तर प्रोब आणि कातडीमध्ये हवा राहते आणि हवेतून हा आवाज पुढेच जात नाही. हो, आवाजच. कानाला २० हजारच्या वरची कंपनं ऐकू येत नाहीत आणि आमचा प्रोब सेकंदाला साधारण २० ते ५० लाख कंपनं सोडतो. ती हार्टच्या भिंतींवर, झडपांवर आपटून परत येतात आणि मशीन त्याचं चित्र जुळवतं.

दुखतं का, तर टोचत-बिचत काही नाही पण प्रोब फासळ्यांमध्ये दाबावा लागतो, बारीक बाईला किंवा बायपास झालेल्याला ते बोचतं, बोचलं तर सांगा. मध्येच "श्वास सोडा, आता थांबा" असं म्हणतात, तेव्हा थांबायचं, फुफ्फुस फुगलेलं असलं की ते हार्टच्या पुढ्यात येऊन बसतं आणि चित्र जातं. नंतर उताणं झोपवून पोटाच्या वर, फासळ्यांच्या खाली प्रोब लावतात, तेव्हा उलटं, श्वास आत घेऊन धरायचा. शेवटी गळ्याच्या खड्ड्यात. वीस मिनिटं ते अर्धा तास धरून चला. मध्येच मशीनमधून व्हूश व्हूश आवाज आला तर घाबरू नका, तो तुमचं रक्त वाहत्याचा आवाज आहे, हार्ट बिघडल्याचा नाही.

आणि एक. मी गप्प असते तेव्हा मोजत असते, कप्प्याचा आकार, भिंतीची जाडी, झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग. कपाळावर आठ्या पडल्या तर त्या माझ्या चष्म्याच्या आहेत. पेशंट माझ्या तोंडाकडे बघून रिपोर्ट काढायला बसतात, तो कधीच बरोबर येत नाही.

प्रश्न (सांगली जिल्हा, शेतकरी, वय ५८): डॉक्टर, माझ्या रिपोर्टवर ईएफ ६० टक्के असं लिहिलंय. म्हणजे ४० टक्के हार्ट गेलं का? पोराने कुणाला विचारलं नाही, आणि मी आठ दिवस रानात गेलेलो नाही.

काका, उद्याच रानात जा. ६० म्हणजे पासच नाही, चांगल्या मार्कांनी पास. हा आकडा शंभरपैकी मार्कांसारखा वाचायचाच नसतो, आणि त्यामुळे किती लोक तुमच्यासारखे घरात बसून राहतात याची मोजदाद नाही.

समजा हार्टचा डावा मोठा कप्पा पूर्ण भरला तेव्हा त्यात १०० मिली रक्त होतं. एका ठोक्यात त्यातलं ६० मिली बाहेर फेकलं, ४० आतच राहिलं. हा झाला ईएफ ६०. कुणाचंच हार्ट शंभरच्या शंभर बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० हे नॉर्मल. चाळीसच्या खाली गेलं की आम्ही पंपिंग कमी झालंय म्हणतो आणि त्याची औषधं वेगळी असतात. एकाच माणसाचा ईएफ एका ठिकाणी ५५ आणि दुसऱ्या ठिकाणी ६० येऊ शकतो, मोजणारा माणूस बदलला की चार-पाच टक्के इकडे तिकडे होतातच, त्यावरून "वाढलं" "उतरलं" करू नका.

तुम्ही पुढे विचारलंय की ईसीजी काढला होता तर इको कशाला. तुमच्या विहिरीवरच्या मोटरचंच बघा ना. ईसीजी म्हणजे स्टार्टर आणि वायरिंग नीट आहे का ते बघणं. इको म्हणजे मोटर प्रत्यक्ष किती पाणी फेकतेय, केसिंग कुठं फुगलंय, आणि फूटव्हॉल्व (ज्याला तुमच्याकडे फुटबॉल म्हणतात) धरतोय का गळतोय ते बघणं. फूटव्हॉल्व गळका असला की पाणी उलटं विहिरीत उतरतं, हार्टमध्ये झडप गळकी असली की रक्त उलटं मागच्या कप्प्यात जातं, आम्ही त्याला रिगर्जिटेशन म्हणतो, इतकाच फरक. वायरिंग चांगलं असून फूटव्हॉल्व गेलेला असू शकतो, म्हणून दोन्ही बघायचं.

प्रश्न (डोंबिवली, वय ६३): ट्रिव्हियल एमआर, ट्रिव्हियल टीआर, ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन. रिक्षात बसल्या बसल्या गुगल केलं, घरी पोचेपर्यंत माझं हार्ट फेल झालेलं होतं. कृपया सांगा.

या रिक्षातल्या वाचनाचं काहीतरी करायला हवंय. रिपोर्ट हातात देताना मीच दोन मिनिटं बोलले तर ही वेळ येत नाही, पण बाहेर वीस माणसं बसलेली असतात, हे कारण आहे आणि ते चांगलं कारण नाही, मान्य.

एमआर, टीआर म्हणजे मायट्रल आणि ट्रायकस्पिड या दोन झडपांचं रिगर्जिटेशन, आणि ट्रिव्हियल म्हणजे नगण्य. झडप बंद होताना थेंबभर रक्त मागे जाणं हे अगदी ठणठणीत माणसातही दिसतं, पूर्वी मशीन इतकी बारीक नव्हती म्हणून दिसत नव्हतं. त्याला औषध नाही, पथ्य नाही, परत परत इको नाही. माइल्ड म्हणजेही सहसा घाबरण्यासारखं नाही, मॉडरेट आणि सिव्हिअर हे शब्द आले की मात्र डॉक्टरांसमोर बसून नीट बोलायचं.

ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन म्हणजे हार्टचा स्नायू ठोक्यानंतर सैल व्हायला जरा वेळ लावतो. साठीनंतर, किंवा बीपी जुनं असलं की हे फार कॉमन आहे. तुमचे गुडघे उठताना जरा वेळ लावतात का? तसंच. हार्ट फेल असा त्याचा अर्थ नाही. पण त्याचा एक उपयोग करा, बीपी नेमानं तपासा, मीठ-लोणचं-पापड कमी करा आणि चालायला लागा.

बाकी ओळी: "नो आरडब्ल्यूएमए" म्हणजे हार्टच्या सगळ्या भिंती सारख्या हलताहेत, "आयएएस आयव्हीएस इंटॅक्ट" म्हणजे मधल्या पडद्यांना भोक नाही, "नो क्लॉट, नो व्हेजिटेशन, नो पीई" म्हणजे आत गुठळी नाही, झडपांवर जंतूंची वाढ नाही, भोवती पाणी नाही. या सगळ्या चांगल्या बातम्या आहेत, पण नो नो नो बघूनच लोकांच्या पोटात गोळा येतो.

प्रश्न (पुणे): माझ्या भावाचा टूडी इको एकदम नॉर्मल आला आणि महिन्याभरात अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झाली. मग या टेस्टचा उपयोग काय? पैसे उकळायचे धंदे.

तुमचा राग समजतो. पण ही गोष्ट प्रत्येकाला माहीत असायला हवी म्हणून जरा जोर देऊन लिहिते: साध्या टूडी इकोमध्ये ब्लॉकेज दिसत नाहीत. हार्टला रक्त देणाऱ्या ज्या नळ्या आहेत त्या बारीक असतात, हार्टवर सतत हलत असतात, त्यातला अडथळा आम्हाला इकोत बघता येत नाही. आम्हाला दिसतो तो परिणाम. एखाद्या भागाला रक्त कमी पडून तिथली भिंत हलायची थांबली असेल तर दिसते. नळी ७० टक्के बंद आहे पण आराम करताना पुरेसं रक्त जातंय, तर भिंत छान हलते आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. म्हणूनच लक्षणांवरून संशय असेल तर स्ट्रेस टेस्ट, सीटी अँजिओ किंवा अँजिओग्राफी सांगतात. हे तुमच्या भावाला कोणी समजावून सांगितलं नसेल तर ती आमच्या लोकांची चूक.

याचीच दुसरी बाजू. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, मळमळ असं काही होत असेल तर इकोची अपॉइंटमेंट शोधत बसू नका आणि जुना नॉर्मल इको काढून स्वतःला धीर देऊ नका. १०८ ला फोन, जवळचं हॉस्पिटल, पहिला ईसीजी. इको त्याच्या नंतर.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड): नमस्कार, मी इथे सात वर्षं आहे. एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) माझा इको झाला, पाऊण तास लागला, करणारी बाई फार छान बोलली पण रिझल्टचं नाव काढलं की "तुमच्या डॉक्टरांना कळवू" एवढंच. कोल्हापुरात आईचा इको बारा मिनिटांत झाला आणि रिपोर्ट लगेच हातात. कुठलं खरं?

दोन्ही खरं आहे, पद्धत वेगळी. तुमच्याकडे इको बहुतेक ट्रेन केलेला सोनोग्राफर किंवा फिजिओलॉजिस्ट करतो, ठरलेली सगळी चित्रं आणि मापं घेतो, निदान सांगणं हे त्याच्या कामात बसत नाही, म्हणून तो गप्प. काही लपवतोय असं नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी डॉक्टरच प्रोब धरतात आणि बघता बघता मनात रिपोर्ट तयार होतो. एखादा नेमका प्रश्न असेल, म्हणजे पंपिंग कसं आहे, पाणी साठलंय का, तर बारा मिनिटं पुरतात. झडपेचा आजार, जन्मजात दोष असं काही असेल तर बारा मिनिटांत होत नाही आणि कुणी केलं तर मला ते पटत नाही. आईंचा रिपोर्ट घेऊन ठेवा, शक्य असेल तर सीडी किंवा पेनड्राइव्हवर क्लिपसुद्धा, पुढच्या वेळी तुलना करायला त्यासारखं दुसरं काही नाही.

प्रश्न (लातूर): अंगणवाडीत तपासणीची टीम आली होती, माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या छातीत आवाज आहे म्हणाले आणि इकोची चिठ्ठी दिली. सासूबाई म्हणतात खेळते-खाते, कशाला. ती सुई बघून रडते, इकोला कशी झोपेल?

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि इको करून घ्या. ही टीम राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची असणार, अंगणवाडी आणि शाळांमधली मुलं तपासतात, १८ वर्षांपर्यंत, आणि त्यांच्या चिठ्ठीवर पुढची तपासणी मोफत होते. लहान मुलांच्या छातीत ऐकू येणारा आवाज बऱ्याचदा निरुपद्रवी असतो, हार्ट अगदी नॉर्मल आणि नुसता रक्त वाहत्याचा आवाज. पण हजार बाळांत साधारण आठ-नऊ बाळांच्या हार्टमध्ये जन्मजात काहीतरी असतं, आणि स्टेथोस्कोपने हे दोन आवाज शंभर टक्के वेगळे करता येत नाहीत, इकोने येतात. समजा पडद्याला छोटं भोक निघालंच तरी काही भोकं आपोआप बुजतात, काही छत्रीसारखं उपकरण पायाच्या नसेतून नेऊन बंद करता येतात. वेळेत कळलं तर. खेळते-खाते म्हणून सोडून दिलेली मुलं मी वयाच्या पंचविशीत बघते, तेव्हा फुफ्फुसातलं प्रेशर इतकं वाढलेलं असतं की भोक बंद करायची वेळ निघून गेलेली असते, आणि ते सांगताना माझा आवाज अजूनही नीट निघत नाही.

सुई नाहीये हे तिला आधीच सांगा. पोट भरून आणा, तिची बाहुली आणा, मोबाईलवर कार्टून भरून आणा (एरवी मी याच्या विरोधात आहे, त्या अर्ध्या तासापुरतं माफ), आदल्या दिवशी बाहुलीला वाटीतलं खोबरेल तेल लावून डबी फिरवून "इको इको" खेळा. मूल रडत असलं की ठोके वाढतात आणि मापं चुकतात म्हणून शांत होईपर्यंत थांबावं लागतं, दोन तास मोकळे ठेवा. अगदीच नाही जमलं तर झोपेचं सिरप देतात, पण त्याला काही तास उपाशी ठेवावं लागतं, तसं असेल तर ते आधी सांगतील. आणि शक्यतो लहान मुलांच्या हार्टचे डॉक्टर जिथे इको करतात तिथेच जा.

थोडक्यातले.

लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध का? (सातारा) नाही हो. लाल म्हणजे प्रोबच्या दिशेने येणारं, निळं म्हणजे लांब जाणारं. मशीनला शुद्ध-अशुद्ध काही कळत नाही, रंग त्यात आपण भरतो.

वारंवार केला तर रेडिएशन? (अमरावती) यात रेडिएशन नाहीच. गरोदरपणात चालतं, पेसमेकर असेल तरी चालतं. हीच कल्पना १९५३ मध्ये स्वीडनच्या लुंडमध्ये एडलर नावाचे डॉक्टर आणि हर्ट्झ नावाचे फिजिक्सवाले यांनी पहिल्यांदा हार्टवर वापरली, आणि मशीन कुठलं, तर जहाजबांधणीत लोखंडातल्या चिरा शोधायला वापरतात त्या जातीचं.

केमोच्या आधी आणि मध्ये मध्ये इको का? (ठाणे) केमोतली काही औषधं हार्टच्या पंपिंगवर परिणाम करतात. ईएफ उतरायला लागला तर वेळेत कळावं म्हणून. इथे मात्र आधीच्या आकड्याशी तुलना महत्त्वाची असते, त्यामुळे शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच मशीनवर करा.

प्रश्न (कोल्हापूर): बाबा ७१, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, टूडी इको आणायला सांगितलाय. शिवाय एका पॅकेजमध्ये दर वर्षी इको फुकट आहे, करावा का?

बाबांना धाप, छातीत दुखणं, पायांवर सूज, आधीचा हार्टचा आजार यातलं काही नसेल तर मोतीबिंदूसारख्या छोट्या ऑपरेशनला सरसकट इकोची गरज नसते. डॉक्टरांना नम्रपणे विचारा की नेमकं काय बघायचंय. त्यांच्याकडे कारण असेल तर सांगतील, आणि मग करा. आपल्याकडे खाजगी ठिकाणी दीड ते तीन हजारांच्या आसपास जातात, ते उगाच का घालवायचे.

दर वर्षीचं म्हणाल तर फुकटचं पण नको. तक्रार नाही, आजार नाही, तर वार्षिक इकोतून बहुतेक वेळा एक "ट्रिव्हियल" हाती लागतं आणि मग डोंबिवलीच्या काकांसारखी झोप जाते. ज्यांची महाधमनीची झडप थोडी अरुंद झालीय त्यांनासुद्धा तीन ते पाच वर्षांनी सांगतात. मध्यम असेल तर वर्ष-दोन वर्षांनी, जास्त असेल तर सहा महिने ते वर्ष.

प्रश्न (म्हापसा, गोवा): आईला लहानसा पॅरालिसिस होऊन गेला, आता बरी आहे. साधा इको नॉर्मल, तरी घशातून इको करायचाय म्हणतात. ती घाबरलीय की श्वास कोंडेल.

श्वास नाही कोंडत. नळी अन्ननलिकेत जाते, श्वासनलिकेत नाही. हे करतात कारण हार्टचा डावा वरचा कप्पा मागच्या बाजूला, अन्ननलिकेला अगदी चिकटून असतो. त्याला कानासारखी एक पिशवी असते, गुठळ्या लपायची आवडती जागा तीच, आणि छातीवरून ती नीट दिसत नाही. पॅरालिसिसची गुठळी तिथून आली का हे बघायचंय त्यांना. शिरेतून बुडबुडे मिसळलेलं सलाइन देऊन पडद्यात बारीक फट आहे का तेपण बघतील कदाचित, त्याने काही होत नाही.

सहा तास काही खायचं नाही, पाणी कधीपर्यंत चालेल ते विचारून घ्या. कवळी असेल तर काढायची, एखादा दात हलत असेल तर आधीच सांगायचं, आणि गिळताना अडकतं, पूर्वी अन्ननलिकेचा काही त्रास झालाय, हेसुद्धा. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. घशात कडू स्प्रे मारतात, घसा जाड झाल्यासारखा वाटतो, गिळता येत नाहीये असं वाटतं, तिथेच लोक घाबरतात, तेव्हा आईंना सांगून ठेवा की हे औषधाने होतं. गुंगीचं इंजेक्शन देतात, डाव्या कुशीवर, तोंडात प्लास्टिकची रिंग, बोटाएवढी जाड नळी. एकदा "गिळा" म्हणतात तो क्षण नको वाटतो, ओकारी आल्यासारखं होतं, नंतर नाकाने सावकाश श्वास घेत राहिलं की दहा-वीस मिनिटांत संपतं. बऱ्याच जणांना नंतर आठवतही नाही.

त्या दिवशी आईंनी एकटीने घरी जायचं नाही, स्कूटरवर मागे बसवून तर अजिबात नाही, गाडी करा. घसा दिवसभर खवखवेल. आणि घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, म्हणजे तास-दीड तास, काही द्यायचं नाही, नाहीतर ठसका लागून श्वासनलिकेत जातं. पहिला घोट साध्या पाण्याचा, तो नीट गिळला तर पेज द्या. गरम चहा मागतील लगेच, पण तो त्याच्या नंतर.